‘वळणे’ शिकायचं तर आधी सुतळी हातात घ्या

कोथरूडमध्ये दर शनिवारी मी इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा मराठीचा वर्ग घेते. श्रावणातल्या एका शनिवारी विचारलं, ‘घरी आजी काय करते?’ एक मुलगी म्हणाली, ‘आजी वाती बनवते.’ तिच्या शेजारच्याची आजी लाडू बनवत होती, तिसऱ्याची भाकरी, आणि चौथीची आई गजरा बनवत होती. चार घरं, चार निरनिराळ्या कामांत गुंतलेले हात आणि क्रियापद एकच. वाती वळतात, लाडू वळतात, भाकरी थापतात, गजरा ओवतात किंवा गुंफतात, असं मी फळ्यावर लिहिलं. मुलांनी वहीत उतरवलं. पुढच्या शनिवारी पुन्हा सगळं ‘बनवते’च होतं.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी रविवार पेठेतून आणलेला सुतळीचा गुंडा घेऊन गेले. तासाभरात प्रत्येकाच्या हातात वीतभर दोरी होती, आणि ‘वळणे’ मला पुन्हा शिकवावं लागलं नाही. घरात मुलं असतील तर त्यांना शेजारी बसवा, नसतील तर एकट्याने करा. आधी दोरी वळायची, मग शब्दाकडे यायचं. शब्दाची बहुतेक कोडी दोरीत आपोआप सुटतात.

दोरी वळणे

साधारण 1 मीटर सुतळी घ्या. नायलॉनची घेऊ नका, ती बोटांतून निसटते आणि पीळ धरत नाही. सुतळी हातात आली की आधी तिला ओळखून घ्या. ती मुळात तागाच्या तंतूंना पीळ देऊनच केलेली असते. एक टोक डाव्या हातात धरून दुसरं टोक उजव्या हाताच्या चिमटीत फिरवा. आवळत गेली तर तीच आपली दिशा. सैल होऊन तंतू मोकळे व्हायला लागले तर उलट फिरवायचं. ही दिशा लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर आहे. नवशिक्याची दोरी फसते ती बहुतेक वेळा इथेच, कारण तो सुतळीला पीळ द्यायच्या ऐवजी तिचा असलेला पीळ काढत बसतो.

आता सुतळी मध्यावर धरायची नाही. एका बाजूला 40 आणि दुसऱ्या बाजूला 60 सेंटिमीटर राहील अशा जागी धरा. याचं कारण जोड देताना कळेल. त्या जागेच्या दोन्ही बाजूंना, वितीहून कमी अंतरावर, दोन चिमटी घ्या आणि आवळण्याच्या दिशेने पीळ देत राहा. थोड्या वेळाने सुतळी ताठ होते. मग दोन्ही हात जरा जवळ आणा. मधला भाग उडी मारल्यासारखा स्वतःभोवतीच फिरतो आणि एक लहानसा फास तयार होतो. वर्गातली मुलं इथे ओरडली होती. तो फास तुम्ही केलेला नसतो, पिळाने केलेला असतो. दोन-तीनदा सोडून पुन्हा करून बघा, घाई नको.

फास डाव्या चिमटीत धरला की त्यातून उजवीकडे दोन धागे निघतात. त्यांना पेड म्हणायचं, वेणीत म्हणतो तसंच. दोन पेडांपैकी जो तुमच्यापासून लांब आहे तो उजव्या चिमटीत घ्या, त्याला तुमच्यापासून पुढच्या दिशेला दोन-तीन वेढे पीळ द्या, आणि पीळ न सोडता तो पेड दुसऱ्यावरून स्वतःकडे आणा. जो लांब होता तो जवळ आला, जवळचा लांब गेला. आता नवा लांबचा पेड घ्या: पीळ पुढे, पेड मागे. तुमची सुतळी स्वतःकडे फिरवल्यावर आवळत असेल तर हेच उलट करा, म्हणजे जवळच्या पेडाला पीळ स्वतःकडे आणि पेड दुसऱ्यावरून पुढे. दर दोन-तीन वेढ्यांनी डावी चिमटी पुढे सरकवत राहा, नाहीतर केलेलं सुटतं.

पेडाला एका दिशेने पीळ आणि पेड एकमेकांवर त्याच्या उलट दिशेने, एवढंच सूत्र आहे, पण त्यातली खुबी समजून घ्यायला हवी. पीळ दिलेला प्रत्येक पेड उलगडायला बघत असतो. उलगडताना तो ज्या दिशेला फिरेल, त्याच दिशेला आपण दोन्ही पेड एकमेकांवर चढवलेले आहेत. म्हणजे सुटण्याच्या धडपडीत पेड एकमेकांना आणखी आवळतात. गाठ नाही, डिंक नाही, तरी दोरी सुटत नाही. एकदा मुद्दाम पीळ आणि पेड दोन्ही एकाच दिशेने घालून बघा. हात सोडला की सगळं गरगर उलगडेल.

हातात थोडं कसब आलं की मांडीवर वळा. जाड कापडाचा पायजमा असला तर बरं, सुतळी कातडीला टोचते. दोन्ही पेड मांडीवर शेजारी शेजारी, बोटभर अंतर ठेवून टेकवा. तळव्याने दोन्ही एकदम पुढे गुडघ्याकडे लोळवा, मग तळवा न उचलता पेड एकमेकांना चिकटवून एकदाच मागे ओढा. पुढे जाताना पीळ भरतो, मागे येताना दोरी वळली जाते. खेड्यात चावडीसमोर गप्पा मारत दावी वळणाऱ्या म्हाताऱ्यांचे हात असेच चालायचे, नजर दोरीवर नसायचीच.

जोड कसा द्यायचा? आखूड पेडाचं टोक 5-6 सेंटिमीटर उरलं की नवी सुतळी त्याला लागून ठेवा, दहाएक सेंटिमीटर लांब टोक मागे सोडून, आणि जुनी-नवी मिळून एकच पेड समजून पीळ देत पुढे जा. गाठ मारायची नाही. बाहेर राहिलेली मिशी नंतर कात्रीने कापता येते. सुरुवातीला सुतळी 40 आणि 60 अशी विषम धरली ती यासाठी, की दोन्ही पेडांचे जोड एकाच जागी येऊ नयेत. एकाच जागी दोन जोड आले तर दोरी तिथेच तुटणार. शेवटी दोन्ही टोकं मिळून एक साधी गाठ.

लांबीचा अंदाज सांगून ठेवते. सुतळी दुमडून वळलेली दोरी निम्म्याहून आखूड भरते, कारण पीळ लांबी खातो. हातभर दोरी हवी असेल तर अडीच हात सुतळी घ्यावी.

पीळ उजवा की डावा हे तयार दोरीवरही बघता येतं. दोरी उभी धरा. तिच्यावरच्या तिरक्या रेघा डावीकडे वर आणि उजवीकडे खाली असतील, तर ती इंग्रजी एस अक्षराच्या मधल्या भागासारखी दिसते, आणि उजवीकडे वर, डावीकडे खाली असतील तर झेडसारखी. कारखान्यांतही धाग्याचा पीळ याच दोन अक्षरांनी सांगतात. शिवणाच्या दोऱ्याचं टोक नखाने उसवलंत तर आत दोन किंवा तीन पेड दिसतील, आणि त्यांचा पीळ बाहेरच्या वळणाच्या उलट असेल.

वात वळणे

वात याहून सोपी दिसते, पण चांगली वात वळायला हात जास्त हलका लागतो. सरकी आणि कचरा काढलेला कापूस घ्या. समईची लांब वात करायची तर कापसाचा लहान पुंजका दोन्ही हातांनी हळूहळू लांबवा, तोडू नका. तंतू एकमेकांना धरून लांबट पट्टी झाली पाहिजे. ती पाटावर ठेवा आणि तळव्याने एकाच दिशेने लोळवा. पोळपाटावर पिठाची वळी लोळवताना हात पुढे-मागे होतो, तसा इथे नाही. मागे आलात की दिलेला पीळ निघून जातो. बोटांना किंचित दूध किंवा भस्म लावलं तर तंतू चिकटून बसतात. आमच्या घरी दुधाची वाटी असायची, माझ्या सासरी भस्माची डबी.

पीळ किती द्यायचा, हाच वातीतला खरा प्रश्न. तेल वातीतून वर चढतं ते तंतूंमधल्या बारीक पोकळ्यांमधून. पीळ फार आवळला तर पोकळ्या मिटतात, तेल वर पोचत नाही, आणि वात स्वतःच जळून काजळी धरते. पीळ सैल राहिला तर वात फुगते, ज्योत मोठी होते, धूर येतो. बोटांत धरल्यावर वात आपल्या जोरावर उभी राहायला हवी, पण चिमटीत दाबल्यावर दबायला हवी. मी मुलांना हीच परीक्षा सांगते.

फुलवात निराळी. चपटा गोल पुंजका घ्यायचा, कडा वर गोळा करायच्या आणि फक्त शेंड्याला पीळ द्यायचा, बूड फुलासारखं मोकळं. ती तुपात भिजवून निरांजनात उभी राहते. इथे भाषेनेही फरक केला आहे: बरेच जण फुलवाती ‘करतात’, लांब वाती ‘वळतात’. मला दोन्ही चालतं. चातुर्मासात लक्ष वातींचा संकल्प केलेल्या बायका दुपारभर वाती वळत बसतात, आणि त्रिपुरी पौर्णिमेला पर्वतीवर पणत्या लागतात तेव्हा त्या हातांचं काम तिथे जळताना दिसतं.

आता शब्द

दोरी झाली, वात झाली. आता पिळणे आणि वळणे यांतला फरक बोटांनाच माहीत झालेला असेल.

‘पिळणे’ हा शब्द संस्कृत पीड्‌पासून आला, म्हणजे दाबणे. म्हणून पिळल्यावर काहीतरी बाहेर येतं: कपड्यातून पाणी, उसातून रस, कान पिळला तर डोळ्यांतून पाणी. ‘वळणे’ हा वल्‌पासून आला, म्हणजे फिरणे. वलय त्याच घरातला. आणि मराठीने या फिरण्याला एक खास अर्थ दिला आहे: विखुरलेलं फिरवून एकत्र आणणे, असं की ते पुढे आपलं आपण टिकेल. सुटे तंतू एकत्र येतात ती वात. पेड एकत्र येतात ती दोरी. भाजलेलं बेसन किंवा रव्याचे दाणे मुठीत फिरून एकत्र येतात तो लाडू. रानात पांगलेली गुरं फिरवून एका कळपात आणायची, त्याला गुरं वळणे म्हणतात. गुराख्याचं वळणे आणि आजीचं वळणे हे दोन शब्द नाहीत, एकच आहे, हे मला चाळिशीत कळलं आणि त्या दिवशी फार आनंद झाला होता.

‘वात’ शब्दाची गंमत तर त्याहून मोठी. तो ‘वर्ति’वरून आला, आणि वर्तिच्या मुळाशी वृत् आहे, फिरणे हाच अर्थ. हिंदीतली बत्ती त्याच मुळाची. म्हणजे ‘वात वळणे’ या दोन शब्दांत फिरणं दोनदा आहे, एकदा वस्तूत, एकदा कृतीत.

पीळ मात्र वळण्याच्या आत असतोच. पीळ ही पेडाला दिलेली ताकद, आणि वळणे हे त्या ताकदीला दुसऱ्या पेडाशी बांधणं. ‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण हे जाणणाऱ्या माणसाने केलेली आहे. काथ्याचं सुंभ जाळून बघा, राखेत पिळाच्या रेघा जशाच्या तशा दिसतात, हात लागेपर्यंत.

वाक्यात कसं वापरायचं

हे क्रियापद अकर्मकही आहे आणि सकर्मकही. ‘रिक्षा नळ स्टॉपला डावीकडे वळली’ इथे रिक्षा स्वतः फिरली. ‘आजीने वाती वळल्या’ इथे आजीला ‘ने’ लागला आणि क्रियापद वातींच्या मागे गेलं: वात वळली, वाती वळल्या, दावं वळलं, लाडू वळले. घोटाळा होतो तो ‘मी’पाशी, कारण ‘मी’ला ‘ने’ दिसत नाही. बाई म्हणेल, ‘मी डावीकडे वळले’, आणि तीच म्हणेल, ‘मी लाडू वळले.’ रूप एकच, पण पहिलं ‘वळले’ तिच्यासाठी आहे आणि दुसरं लाडवांसाठी. तिने वात वळली असेल तर ‘मी वात वळली’ होईल, ‘मी वात वळले’ नाही. वर्गातल्या एका मुलाने वहीत लिहिलं होतं, ‘मी दोरी वळली पण ती उलटी वळली.’ दोन्ही प्रयोग एका वाक्यात आणि दोन्ही अचूक. मी ते वाक्य फळ्यावर तासभर ठेवलं.

‘वळवणे’ म्हणजे दुसऱ्याला किंवा दुसऱ्या कशाला वळायला लावणे. गणेशोत्सवात लक्ष्मी रस्त्यावरची वाहतूक वळवतात, पाटाचं पाणी वळवतात, एखाद्याचं मन वळवतात. पण दोरी आपण वळवत नाही, वळतो. दुसऱ्याकडून काम करून घेतलं तर ‘वाती वळवून घेतल्या’ हे बरोबर. बँकेत रक्कम ‘वळती करतात’, तिथेही पैसा एका खात्याकडून दुसरीकडे फिरतो.

लिहिताना एका कान्याकडे लक्ष असू द्या. ‘लाडू वळले’ आणि ‘लाडू वाळले’ यांत घरच्या बाईची सगळी मेहनत अडकलेली आहे.

मग काही प्रयोग असे आहेत जिथे हात नाही, शरीर आपणच वळतं: भीतीने बोबडी वळते, हसून मुरकुंडी वळते, रागाने मुठी वळतात. ‘वळण’ हे नाम तर रस्त्यालाही, अक्षरालाही आणि स्वभावालाही. मुलगी आईच्या वळणावर जाते, मुलांना वळण लावतात, वळणाचं पाणी वळणानेच जातं. ‘कळतं पण वळत नाही’ या वाक्यात वळणे म्हणजे समजलेलं हातात उतरणं. फळ्यावरची माझी पहिली यादी मुलांना कळली होती. वळली ती सुतळीने.

जवळचे शब्द, पण वेगळे

वेणीला तीन पेड असतात, तरी वेणी वळत नाहीत, घालतात. कारण तिथे पेडांना पीळ नसतो, ते फक्त एकमेकांवरून जातात. खाट, टोपली, स्वेटर विणतात, कारण धागे आडवे-उभे किंवा टाक्याटाक्याने अडकतात. सुईने फुलं ओवतात, दोऱ्याच्या वेढ्यात अडकवत गेलात तर गुंफता. करंजीच्या कडेला मुरड घालतात. चकली सोऱ्यातून पाडतात, पण कडबोळी हाताने वळतात, आणि उकडीचे मोदकही वळतात. चकली आणि कडबोळं एकाच ताटात असतात, तरी क्रियापद वेगळं, कारण एक यंत्रातून येते आणि दुसरं तळव्यावर फिरतं.

सूत मात्र कातायचं. कातणे म्हणजे कापसातून तंतू ओढत ओढत त्याला पीळ देणे. दोरी वळणे ही त्याच्या पुढची पायरी. पुण्याचा या शब्दाशी जवळचा संबंध आहे: गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना पेटीत मावणाऱ्या ज्या चरख्यावर काम झालं, त्याला आजही येरवडा चरखा म्हणतात.

दोरीशी जोडलेले शब्द मात्र झपाट्याने जात आहेत, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. कासरा, दावं, वेसण, म्होरकी, मुसकं, शिंकं, चऱ्हाट, नाडा, सोल या प्रत्येकाची जाडी, लांबी आणि काम वेगळं. हे काम पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाच्या हातात होतं. घायपाताची पानं पाण्यात कुजवायची, आपटून धुवायची, त्यातून निघालेला वाख, म्हणजे धागा, सुकवायचा, विंचरायचा, मग पीळ भरून दोरखंड वळायचे. घायपाताच्या रसाने हातांना खाज सुटते, वाख धुतलेल्या पाण्याला वास येतो. गावगाड्यातलं इतकं कष्टाचं काम, आणि शब्दांची सगळी श्रीमंती त्या हातांनीच जपलेली. नायलॉन आलं आणि पोळ्याला बैलाच्या गळ्यात निळ्या-पिवळ्या तयार दोऱ्या दिसू लागल्या. नायलॉनची दोरीही पेड उलट वळूनच केलेली असते, पण तिच्या तुकड्याला कुणी कासरा म्हणत नाही, ती ‘दोरी’च राहते.

ओळखीचं कुणी हे काम केलेलं असेल तर त्यांच्याजवळ बसून वस्तूंची नावं लिहून घ्या, आणि वस्तू समोर ठेवून लिहून घ्या. शंका आली तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) आणि पुण्यातच 1932 पासून खंडाखंडाने निघालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही आज संगणकावर शोधता येतात. तिथे ‘वळणे’ काढलंत की त्याच्या आसपासचे ‘वळ’, ‘वळकटी’, ‘वळसा’ हेही वाचा.

मुलांसोबत हे करणार असाल तर एक सूचना. पहिली दोरी ओबडधोबड होईल, एका जागी जाड, एका जागी बारीक. ती टाकू नका, उसवून पुन्हाही वळू नका. तारीख लिहून कुठेतरी अडकवून ठेवा. आमच्या वर्गात खिडकीच्या गजाला अशा अकरा दोऱ्या बांधलेल्या आहेत, आणि नवीन मूल आलं की जुनी मुलं त्याला आधी तिथे घेऊन जातात आणि आपली कोणती ते दाखवतात: ‘ही मी वळली.’